ना अंधांच्या शाळेत, ना बहिऱ्यांच्या

आमचे घर जळकोटचे. जळकोट आज लातूर जिल्ह्यातला एक तालुका आहे. माझ्या आजीच्या लहानपणी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मुलीने शाळेत जाण्याचा प्रश्न निदान आमच्या घरात तरी कधी निघाला नव्हता. ही आजी ऐंशीच्या पुढे गेली तेव्हा तिला जवळजवळ दिसत नव्हते. ऐकू तर त्याच्याही आधीपासून कमी येत होते. ओसरीवरच्या बाजेवर ती बसून असे. कोणी जवळ गेले की हात पुढे करी आणि मनगट चाचपून माणूस ओळखी. आईच्या हातात पाटल्या, काकूच्या हातात काचेच्या बांगड्या, माझ्या मनगटावर घड्याळ. एकदा मी सुट्टीला घड्याळ न घालता गेलो, तर पाहुणा आलाय समजून तिने मला बसायला सांगितले आणि घरच्यांना चहा ठेवायला!

तेव्हा मला वाटे, आजीला दोन त्रास आहेत, एक डोळ्यांचा आणि एक कानांचा. हा हिशेब चुकीचा होता.

म्हातारपणी कान कसा जातो ते आधी पाहू. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी असतात. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी उंच स्वर टिपतात आणि वयाबरोबर बहुधा त्याच आधी निकामी होतात. आपल्या भाषेतले स्वर खालच्या पट्टीतले आणि दणदणीत असतात. स, श, त, क ही व्यंजने मात्र उंच पट्टीतली आणि क्षीण असतात. म्हणून आजीला ‘सात’, ‘हात’, ‘भात’ यांतला ‘आ’ तेवढा ऐकू येतो. आपण ओरडलो की तो ‘आ’च मोठा होतो, व्यंजन हरवलेलेच राहते. ‘ओरडतोस कशाला, नीट बोल की’ ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार शास्त्राला धरून आहे.

मग इतकी वर्षे आजीचे कसे भागले? डोळ्यांनी. वर्गात करून पाहा: आवाज न काढता ‘पाच’ आणि ‘सात’ म्हणा. ‘पाच’ म्हणताना ओठ मिटतात, ‘सात’ म्हणताना मिटत नाहीत. कमी ऐकू येणारा माणूस नकळत हे वाचायला शिकतो. उलट, अंध माणूस कानांनी पाहतो. आवाज दोन्ही कानांवर पोहोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर पडते. तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. म्हणजे प्रत्येक इंद्रिय दुसऱ्याची उणीव भरून काढत असते. दोन्ही क्षीण झाली की हा उसना व्यवहारच बंद पडतो. आजीचा त्रास दोन त्रासांची बेरीज नव्हता, तो तिसराच होता.

आता इतिहास पाहिला तर मदतीचे दरवाजे मात्र दोनच उघडले गेले. मुंबईत 1885च्या सुमारास माझगावला मूकबधिर मुलांची शाळा निघाली. 1900 साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली. पहिल्या शाळेचा भरवसा डोळ्यांवर, दुसरीचा कानांवर. आणि दोन्ही मुलांसाठी.

मोठ्या माणसांचे पुनर्वसन हा विषय आला तो युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअर्सन यांनी 1915 साली लंडनमध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था सुरू केली. तिच्याच धर्तीवर 1943 मध्ये डेहराडूनला भारतीय सैनिकांसाठी केंद्र निघाले. स्वातंत्र्यानंतर त्यातूनच प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. अंधांची लांब काठी आणि ती डावी-उजवीकडे फिरवत चालण्याची पद्धत रिचर्ड हूव्हर यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी बसवली. श्रवणशास्त्रालाही त्याच युद्धानंतरच्या लष्करी रुग्णालयांत आकार आला. हे सगळे उत्तमच झाले. पण यातला शिकाऊ माणूस तरुण होता आणि त्याला पुन्हा कामाला लावणे हा हेतू होता. ऐंशी वर्षांच्या बाईला कोणत्या कामावर पाठवायचे? त्यामुळे तिचा विचार कोणाच्या डोक्यात येण्याचे कारणच नव्हते.

बहिरेपण आणि अंधत्व एकत्र आलेल्यांची कहाणी आपल्याला माहीत असते ती हेलन केलरची. 1887 साली अ‍ॅन सलिव्हन तिच्या घरी आली तेव्हा हेलन सात वर्षांचीही नव्हती. त्याआधी, 1837 पासून, बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत लॉरा ब्रिजमन या मुलीला सॅम्युएल हाऊ यांनी उठावाची अक्षरे शिकवली होती. दोघीही लहान मुली. मला मात्र आजीच्या संदर्भात आठवतो तो हिरोनिमस लोर्म. हा लेखक 1821 साली मोराव्हियात जन्मला. मुलगा असतानाच त्याला बहिरेपण आले आणि साठीच्या सुमारास दृष्टीही गेली. लिहिता-वाचता जाणकार माणूस, पण घरच्यांशी बोलणार कसे? त्याने तळहातालाच पाटी केले. अंगठ्याच्या टोकाला स्पर्श म्हणजे ‘ए’, तर्जनीच्या टोकाला ‘ई’, अशी प्रत्येक अक्षराला जागा किंवा रेघ ठरवली. त्याच्या मृत्यूनंतर मुलीने ही लिपी प्रसिद्ध केली. जर्मन भाषकांत ती आजही वापरात आहे. म्हातारपणी आलेल्या दुहेरी अडचणीवरचा हा उपाय स्वतः त्या अडचणीतल्या माणसानेच शोधला, हे मला विशेष वाटते.

आपल्याकडे तळहातावर बोटाने देवनागरी गिरवता येते. शिरोरेघ मात्र गाळावी, कारण ती बहुतेक अक्षरांना सारखीच असल्याने स्पर्शाला फारसे काही सांगत नाही. विद्यार्थ्यांनी डोळे मिटून जोडीने हे करून पाहावे. ‘घ’ आणि ‘ध’ यांत भांडण होते. पण हे सगळे अक्षरओळख असलेल्यांसाठी. आजीला अक्षरच नव्हते. तिला जेवायचे सांगायला काकू ताटाची कड हाताला लावी, अंघोळीला तांब्या. बाजेपासून मोरीपर्यंत वडिलांनी सुंभाची दोरी बांधली होती. अशा खुणेच्या वस्तू आणि धरून चालण्याची दोरी या क्षेत्रातले शिक्षकही रीतसर वापरतात, हे मला फार नंतर समजले.

हेलन केलर 1955 साली भारतात आल्या होत्या. बहिऱ्या-अंधांसाठी खास संस्था निघायला पुढे बावीस वर्षे लागली. 1977 साली बेरोज वाच्छा यांनी मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली. 1997 पासून अहमदाबादहून सेन्स इंटरनॅशनल इंडिया काम करू लागली. कायद्याची चाल अधिकच सावकाश. 1995च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत बहिरे-अंधत्व नव्हते. 2016च्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले आणि बहुविकलांगतेत ते आले. पण व्याख्या वाचा: ज्यामुळे संवादाच्या, विकासाच्या आणि शिक्षणाच्या गंभीर अडचणी येतात अशी स्थिती. विकास आणि शिक्षण! म्हणजे व्याख्या लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर पुन्हा मूलच होते.

वृद्धांसाठी 2017 साली केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आली. तीत दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा वस्तू मोफत मिळतात. वस्तू हवीच, पण तिच्यामागे सराव लागतो. आजीलाही एका शिबिरात कानाचे मशीन मिळाले होते. त्याचा सेल वाटाण्याएवढा. तो बदलायला नजर हवी. मशीन नीट बसले नाही की शिट्टी वाजे. शिट्टी उंच पट्टीतली, म्हणजे तिला स्वतःला ती ऐकूच येत नसे, आम्हीच वैतागायचो. महिनाभरात मशीन पत्र्याच्या पेटीत गेले. ते कसे वापरायचे हे दाखवायला पुन्हा कोणी आले नाही, आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही.

आता आई सत्तरीला आली आहे. गेल्या वर्षी तिच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. त्याच आठवड्यात कानही तपासून घेतले. डोळ्यांचा कागद कानाच्या तज्ज्ञाकडे आणि कानाचा डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. दोघांनीही तो मागितला नव्हता. कानाच्या तज्ज्ञाने कागद वाचला आणि मोठ्या सेलचे, बोटाला बटण लागेल असे मशीन निवडले. आई ते रोज सकाळी चहाच्या आधी स्वतः बसवते.