रमाबाईंची अमेरिका, तेलीबागेतून

तेलीबागेतल्या आमच्या गल्लीत अमेरिकेबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. तिथे मुलं अठराची झाली की घराबाहेर काढतात, म्हाताऱ्या आईबापांकडे कुणी बघत नाही, शेजारी शेजाऱ्याचं दार वाजवत नाही. आमच्या शेजारच्या भाभीजींची मुलगी ओहायोत आहे आणि तिला दिवस गेले आहेत. भाभीजींना व्हिसा मिळाला नाही. त्या संध्याकाळी येऊन एकच विचारतात, "वहाँ उसे कौन देखेगा?"

मी अमेरिकेला कधी गेलेली नाही. मी भाषांतर करते. सध्या टेबलावर आहे ते पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ते १८८९ मध्ये निघालं. त्यातली काही प्रकरणं हिंदीत आणायची आहेत आणि गाडी ‘लोकस्थिती’ या शब्दावरच अडली आहे. २००३ मध्ये या पुस्तकाची दोन इंग्रजी भाषांतरं आली. एकाच्या शीर्षकात ‘जगण्याची परिस्थिती’ आली, तर मीरा कोसंबींच्या शीर्षकात ‘लोक’ आले. मराठी शब्दात दोन्ही आहेत.

रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला उतरल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. राहणार होत्या थोडे दिवस, राहिल्या पावणेतीन वर्षं. आनंदीबाई तिथे पोचल्या होत्या त्याआधी तीन वर्षं, आणि त्यांची हकिगत भाभीजींच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे.

बायकोच्या शिक्षणासाठी गोपाळराव जोशी यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं. वाइल्डरांनी ते आपल्या मासिकात छापलं आणि ख्रिस्ती व्हा, असं सुचवलं. दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसलेल्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाईंच्या हाती ते मासिक पडलं. त्या न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या, घर-संसार सांभाळणाऱ्या. त्यांनी घरी जाऊन आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पत्रांतून मावशी-भाचीचं नातं जुळलं. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. त्यांना घ्यायला कार्पेंटरबाईच आल्या होत्या. धर्म बदल, अशी अट त्या घरानं घातली नाही. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, पोकीप्सीला, ठेवल्या गेल्या.

म्हणजे ‘अमेरिकन’ म्हणून एकच माणूस तेव्हाही नव्हता. वाइल्डर अमेरिकन आणि कार्पेंटरबाईही अमेरिकन. आमच्या लखनौनेही हे पाहिलं आहे. इझाबेला थोबर्न मूळच्या ओहायोच्याच. १८७० मध्ये त्यांनी अमीनाबादच्या बाजारात सहा मुली घेऊन शाळा काढली. त्यांच्या नावाचं कॉलेज आज शहरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्या ओहायोच्या होत्या हे गल्लीत कुणाच्या ध्यानात नसतं.

रमाबाईंचं पुस्तक मला आवडतं, कारण त्या अशा एका चांगल्या घरावरून देश ठरवत नाहीत. त्या घर बघतात, शाळा बघतात, बायकांच्या संस्था कशा चालतात ते बघतात आणि वाचणाऱ्या मराठी माणसाला सतत आपल्या घराकडे बघायला लावतात. बायकांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या कामांचं त्यांना मनापासून कौतुक आहे. पण गुलामगिरी कायद्यानं संपली तरी काळ्या माणसांबद्दलचा तिरस्कार संपला नाही, हेही त्या लिहितात. मूळच्या रहिवाशांना गोऱ्यांनी कसं वागवलं, तेही लिहितात. ज्यांच्या देणग्यांवर मुंबईतलं ‘शारदा सदन’ ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालं, त्याच लोकांच्या देशाबद्दल, त्याच वर्षी छापलेल्या पुस्तकात. पाहुणचाराची परतफेड म्हणून त्यांनी डोळे मिटले नाहीत.

परवा भाभीजींना कार्पेंटरबाईंची गोष्ट सांगितली. दातांच्या दवाखान्यापाशी त्या हसल्या, अस्थींपाशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मुलीलाही असं कुणीतरी भेटेल?"

‘हो’ म्हणणं सोपं होतं. पण मग गल्लीची अमेरिका काढून मी तिच्या जागी माझी अमेरिका बसवली असती. म्हणून रमाबाईंनी लिहिलेली दुसरी बाजूही सांगितली. रंगावरून माणसाची किंमत करणारे तिथे तेव्हा होते, आजही आहेत. "कोण भेटेल ते मी सांगू शकत नाही, भाभीजी. पण पोरीला म्हणावं, शेजारचं दार एकदा आपणच वाजवून बघ."

त्या रात्रीच मुलीला फोन लावणार होत्या. मी शीर्षकाच्या जागी तूर्त ‘अमेरिका के लोग और उनका हाल’ असं पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे.