दोष कामगाराचा की व्यवस्थेचा? गुणवत्ता-प्रशिक्षणाचा इतिहास

१/ १३ जुलै १९५०. स्थळ टोकियो. युद्धाने होरपळलेल्या या शहरात त्या संध्याकाळी जपानमधील वीस-एकवीस बडे उद्योगप्रमुख भोजनासाठी एकत्र आले होते. पाहुणे होते पन्नाशीच्या उंबरठ्यावरील एक अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी यजमानांना सांगितले की, गुणवत्तेची शिस्त अंगी बाणवली तर पाच वर्षांत जपानी मालाला जगभरातून मागणी येईल.

२/ ऐकणाऱ्यांना ते खरे वाटणे कठीण होते. जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशीच तेव्हा जगात ख्याती होती. त्या पाहुण्यांचे नाव डॉ. विल्यम एडवर्ड्स डेमिंग. मात्र त्यांनी सोबत आणलेल्या विचाराचा जन्म टोकियोत झाला नव्हता. त्यासाठी २६ वर्षे मागे, शिकागोजवळच्या एका कारखान्यात जावे लागते.

३/ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनची उपकरणे तयार होत. गुणवत्तेची तेथील रीत त्या काळच्या इतर कारखान्यांसारखीच होती. आधी माल तयार करायचा, मग शेवटी तपासनीस बसवून सदोष नग बाजूला काढायचे. परंतु तोवर धातू, वीज, वेळ आणि श्रम खर्ची पडलेलेच असत. तपासणीने दोष सापडत होता, टळत नव्हता.

४/ १६ मे १९२४ रोजी वॉल्टर शूहार्ट या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या वरिष्ठांना एक टिपण सादर केले. ते जेमतेम एक पानाचे होते आणि त्यात एक साधा आलेख होता. मध्ये सरासरीची रेषा, वर आणि खाली एकेक मर्यादारेषा. आज ज्याला 'कंट्रोल चार्ट' म्हणतात, त्याचा हा पहिला आविष्कार.

५/ त्यामागील विचार समजण्यास सोपा आहे. एकाच हाताने लाटलेल्या पोळ्यासुद्धा तंतोतंत सारख्या नसतात. थोडाफार फरक हा प्रक्रियेचा स्वभावच असतो. पण एखादी पोळी अचानक करपली, तर तवा फार तापला असेल किंवा लक्ष दुसरीकडे गेले असेल. पहिला फरक सामान्य कारणांचा, दुसरा विशेष कारणाचा. या दोहोंतील सीमारेषा गणिताने आखता येते, हे शूहार्ट यांनी दाखवले.

६/ यातून निघणारा निष्कर्ष मात्र कारखान्याच्या उतरंडीला हादरा देणारा होता. दोष जर प्रक्रियेच्या स्वभावातूनच येत असेल, तर कामगाराला दटावून, दंड करून किंवा बक्षिसाचे आमिष दाखवून तो जाणार नाही. यंत्र, कच्चा माल, कामाची पद्धत आणि प्रशिक्षण यांत बदल करावा लागेल. आणि तो अधिकार कामगाराच्या हाती नसतो, व्यवस्थापनाच्या हाती असतो.

७/ १९२५ आणि १९२६ च्या उन्हाळ्यात डेमिंग याच हॉथॉर्न कारखान्यात काम करत होते. पुढे शूहार्ट यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि तेच त्यांचे गुरू ठरले. दुसरे महायुद्ध पेटल्यावर ही विद्या वर्गात शिकवण्याची वेळ आली. १९४२ पासून, डेमिंग यांच्याच सूचनेवरून, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने अभियंते व तपासनीस यांच्यासाठी अल्पमुदतीचे वर्ग सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत हजारो लोक हे शिकून बाहेर पडले.

८/ त्याच सुमारास अमेरिकी सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही योजना राबवली. अनुभवी कामगार आघाडीवर गेले होते आणि त्यांच्या जागी नवखे स्त्री-पुरुष यंत्रांपुढे उभे होते. त्यांना शिकवणार कोण? तर मुकादम आणि फोरमन. म्हणून आधी त्यांनाच शिकवण्याची कला शिकवली गेली, तीही दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत.

९/ पद्धत चार पायऱ्यांची होती. शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करणे, काम करून दाखवणे व कारण सांगणे, त्याच्याकडून करवून घेणे, आणि नंतरही त्याची विचारपूस करत राहणे. शिकणाऱ्याला आले नाही, तर शिकवणारा कमी पडला, हे या योजनेचे ब्रीद होते. दोषाचे ओझे खालच्या खांद्यावर न टाकण्याचा तोच विचार येथे वेगळ्या वाटेने आला होता.

१०/ युद्ध संपले आणि अमेरिकेत ही सारी विद्या झपाट्याने ओसरली. जगातील इतर कारखाने उद्ध्वस्त झाले होते. जे काही तयार होईल ते विकले जात होते. मग गुणवत्तेची चिंता कोण करणार? डेमिंग यांचे निदान आणखी खोल होते. वर्गात अभियंते बसले होते, त्यांचे मालक आणि संचालक बसले नव्हते. वरच्यांना न उमगलेली गोष्ट खालच्यांच्या हातून टिकली नाही.

११/ पराभूत जपानमध्ये अडचण निराळी होती. तेथील टेलिफोन यंत्रणा इतकी बेभरवशाची होती की, दोस्तांच्या लष्करी प्रशासनाचेच काम अडत असे. होमर सॅरासोन या तरुण अमेरिकन अभियंत्यावर जपानचा दळणवळण-उद्योग उभा करण्याची जबाबदारी आली. १९४९-५० मध्ये त्यांनी चार्ल्स प्रॉट्झमन यांच्यासह टोकियो व ओसाका येथे व्यवस्थापकांसाठी अभ्यासक्रम घेतले. त्यातील आरंभीचा प्रश्न होता : कंपनी मुळात असते कशासाठी?

१२/ दुसरीकडे १९४६ मध्ये जपानी वैज्ञानिक आणि अभियंत्यांनी आपला एक संघ स्थापन केला होता. 'जूसे' या नावाने तो पुढे ओळखला गेला. १९४९ मध्ये या संघाने गुणवत्ता नियंत्रणाचा दीर्घ अभ्यासक्रम सुरू केला. महिन्यातील काही दिवस वर्ग आणि उरलेले दिवस आपापल्या कारखान्यात प्रयोग, अशी त्याची रचना होती. शिकलेले लगेच हाताने करून पाहणे हा त्याचा आत्मा होता.

१३/ याच संघाच्या निमंत्रणावरून डेमिंग यांनी जुलै १९५० मध्ये टोकियोत आठ दिवसांचा वर्ग घेतला. सभागृह भरले होते. तरीही त्यांना धास्ती वाटली, अमेरिकेत घडले तेच येथे घडले तर? म्हणून संघाचे प्रमुख इचिरो इशिकावा यांच्या मध्यस्थीने १३ जुलैचे ते भोजन ठरले. ऑगस्टमध्ये हाकोने येथेही त्यांनी उद्योगप्रमुखांचा खास वर्ग घेतला.

१४/ या वेळी मालक वर्गात बसले होते. डेमिंग यांनी त्यांच्यापुढे उत्पादनाचे जे चित्र मांडले, त्यात कारखाना एकटा नव्हता. एका टोकाला कच्चा माल पुरवणारे आणि दुसऱ्या टोकाला ग्राहक होता. ग्राहकाचा अनुभव पुन्हा आराखड्याकडे परतत होता. आखणी, कृती, पडताळणी, सुधारणा आणि पुन्हा आखणी, हे चक्र पुढे जपानी उद्योगाच्या अंगवळणी पडले.

१५/ डेमिंग यांच्या व्याख्यानांचे पुस्तक निघाले. त्याचे मानधन त्यांनी स्वतः न घेता संघाला देऊन टाकले. त्या देणगीच्या स्मरणार्थ 'डेमिंग पारितोषिक' सुरू झाले आणि १९५१ पासून ते दिले जाऊ लागले. जेत्या राष्ट्रातील एका नागरिकाचे नाव जित राष्ट्राने आपल्या उद्योगातील सर्वोच्च सन्मानाला द्यावे, हे आजही थक्क करणारे आहे.

१६/ तथापि वाट सरळ नव्हती. अभियंते संख्याशास्त्राच्या आहारी गेले. आकडेमोड वाढली, कामगारांना ती परकी वाटू लागली आणि वरिष्ठांचा उत्साह मावळू लागला. १९५४ मध्ये जोसेफ ज्युरान जपानमध्ये आले. गुणवत्ता हा केवळ गणिताचा विषय नसून व्यवस्थापनाचे रोजचे काम आहे, हे त्यांनी ठसवले. नौका पुन्हा मार्गी लागली.

१७/ पुढचे पाऊल काओरू इशिकावा यांचे. इचिरो यांचे हे चिरंजीव अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी, कारणे शोधण्याची आकृती त्यांचीच. साध्या साधनांनी सामान्य कामगारालाही आपल्या कामाचा अभ्यास करता येतो, अशी त्यांची श्रद्धा होती. १९५६ मध्ये तर गुणवत्तेचे धडे रेडिओवरून प्रसारित होऊ लागले.

१८/ एप्रिल १९६२ मध्ये फोरमन मंडळींसाठी एक मासिक निघाले. फोरमनला ते स्वतःच्या खिशातून विकत घेता यावे म्हणून त्याची किंमत मुद्दाम कमी ठेवली गेली. ते एकत्र बसून वाचण्यासाठी आणि त्यातील युक्ती आपल्या विभागात करून पाहण्यासाठी कामगारांचे छोटे गट तयार झाले. हीच गुणवत्ता मंडळे, म्हणजे क्वालिटी सर्कल. त्यातील पहिल्याची नोंद त्याच वर्षी मात्सुयामा येथील टेलिफोन खात्यातील एका गटाने केली.

१९/ भारताचा या प्रवासाशी संबंध लवकर आला होता. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये खुद्द शूहार्ट भारतात आले आणि त्यांनी अनेक ठिकाणी मार्गदर्शन केले. १९५३ मध्ये भारतीय संख्याशास्त्र संस्थेने मुंबईत गुणवत्ता नियंत्रणाचे केंद्र उघडले. विद्या दाराशी आली होती. पण परवाने आणि टंचाई यांच्या त्या काळात मालाला ग्राहक आपसूक मिळत असे, आणि गरजेविना विद्या सार्वत्रिक होत नाही.

२०/ जून १९८० मध्ये एका अमेरिकन दूरचित्रवाणी वाहिनीने प्रश्न विचारला : जपानला जमते, ते आपल्याला का नाही? कार्यक्रमात ७९ वर्षांचे डेमिंग दिसले. त्यांच्या स्वतःच्या देशातील उद्योगपतींपैकी अनेकांनी त्यांचे नाव तेव्हा प्रथमच ऐकले. त्यानंतर फोर्डसारख्या कंपन्यांनी त्यांना पाचारण केले आणि त्यांचे चार दिवसांचे वर्ग तुडुंब भरू लागले.

२१/ त्या वर्गांतील एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका पात्रात पांढरे मणी आणि त्यात सुमारे पाचवा भाग लाल. 'कामगारांनी' ५० खळग्यांच्या फळीने मणी काढायचे, परंतु लाल मणी आणायचा नाही. लाल येतातच! डेमिंग मुकादमाच्या भूमिकेतून कोणाला शाबासकी देत, कोणाला झापत, कोणाला कामावरून काढत. थोड्याच वेळात सभागृहाला उमजे की, लाल मणी पात्रातच आहेत. हाताचा त्यात काही दोष नाही.

२२/ आपल्या अनुभवावरून डेमिंग यांनी अंदाज मांडला होता की, ९४ टक्के अडचणी व्यवस्थेच्या असतात. भिंतीवरील घोषवाक्ये आणि फलक काढून टाका, असे ते म्हणत, कारण त्यांत अपयशाचे खापर कामगारावर फुटते. त्यांच्या १४ सूत्रांत प्रशिक्षणाला दोन स्वतंत्र स्थाने आहेत. एक हातातील काम नीट शिकवण्याचे आणि दुसरे प्रत्येकाच्या शिक्षणाचे व आत्मविकासाचे. पहिले कंपनीच्या आजच्या गरजेसाठी, दुसरे माणसाच्या उद्यासाठी.

२३/ १९७०-८० च्या दशकांत पाश्चात्त्य कंपन्यांनी गुणवत्ता मंडळांची हुबेहूब नक्कल केली. त्यांतील अनेक मंडळे लवकरच विरली, कारण सूचना वर जात होत्या आणि वरून उत्तर येत नव्हते. भारतात १९८० मध्ये हैदराबादच्या 'भेल' कारखान्यात मंडळे सुरू झाली. १९९१ नंतर स्पर्धा दारात उभी राहिली, तेव्हा चित्र पालटले. १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनने आणि २००३ मध्ये महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाने डेमिंग पारितोषिक मिळवले.

२४/ २० डिसेंबर १९९३ रोजी डेमिंग यांचे निधन झाले. त्यांची परिभाषा आज प्रत्येक प्रशिक्षण-वर्गात ऐकू येते. तरीही अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांना दोन दिवस वर्गात बसवले जाते, प्रमाणपत्र दिले जाते आणि तिसऱ्या दिवशी त्याच जुन्या यंत्रापुढे, त्याच जुन्या पद्धतीने, त्याच जुन्या लक्ष्यासाठी उभे केले जाते. मग दोष निघाला की विचारले जाते, 'तुम्हाला शिकवले होते ना?'

२५/ हॉथॉर्नपासून मात्सुयामापर्यंतचा इतिहास या प्रश्नाला प्रतिप्रश्न करतो. शिकलेले वापरण्याची मुभा दिली होती का? वरिष्ठ त्या वर्गात बसले होते का? पात्रातील लाल मणी कोणी कमी केले? जेथे या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे मिळाली, तेथे प्रशिक्षण रुजले. जेथे मिळाली नाहीत, तेथे केवळ प्रमाणपत्रे उरली.