नकुशा

सातारा जिल्ह्यातील शाळांच्या हजेरीपटांत आढळणारे ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, हे नाव ज्या मुलीच्या वाट्यास येई, तिच्या पाठीवर तरी मुलगा व्हावा, ही त्या नामकरणामागील भाबडी आणि क्रूर आशा असे. वस्तुतः अपत्याचे लिंग पित्याच्या शुक्रजंतूतील एक्स वा वाय गुणसूत्रानुसार गर्भधारणेच्या क्षणीच निश्चित होत असता, बोल मात्र पिढ्यान्‌पिढ्या मातेच्या कुशीलाच लावला गेला, हा अन्याय मला दारुण वाटतो. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात अशा २८५ मुलींचे समारंभपूर्वक नामांतर झाले, तेव्हा ठेवणीतले कपडे लेऊन, वेण्या घालून रांगेत उभ्या राहिलेल्या त्या पोरींच्या हाती फुलांच्या गुच्छासह नव्या नावाचा दाखला पडला. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली.