फॅराडेचा अर्ज



नोकरीचा अर्ज ही वस्तू इतिहासाच्या व्याख्यानात यावी, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. तहनामे आणि सनदा यांना आपण इतिहासाची साधने मानतो. परंतु एखाद्या गरीब मुलाने पोटासाठी लिहिलेला कागदही कधी कधी तहनाम्याहून दूरवर परिणाम करून जातो. १८१२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये लिहिला गेलेला मायकेल फॅराडे याचा अर्ज हा त्यांपैकी एक होय.

फॅराडे तेव्हा एकवीस वर्षांचा होता. बाप लोहार, शिक्षण लिहिणे, वाचणे आणि हिशेब एवढेच. १८०५ पासून सात वर्षे रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे त्याने बुकबाइंडिंगची उमेदवारी केली. बांधणीला आलेली पुस्तके तो बांधी आणि वाचूनही काढी. विजेची ओळख त्याला विश्वकोशातून झाली, रसायनाची जेन मार्सेट या बाईंच्या पुस्तकातून. पुढे तो टेटम यांच्या व्याख्यानांना जाऊ लागला. तिकीट एक शिलिंग. ते पैसे थोरला भाऊ देई, आणि तोही लोहारच होता. १८१२ च्या वसंतात दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. तुमच्याआमच्यासारखाच तो श्रोता! त्याने टिपणे घेतली, घरी ती सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या आणि पुस्तक स्वतः बांधले.

शास्त्राच्या सेवेत कसेही करून शिरावे म्हणून त्याने प्रथम रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मग त्याने डेव्हींना लिहिले आणि सोबत ते हस्तलिखित पुस्तक पाठविले.

या अर्जाचे मर्म कशात आहे? पदवी तर अर्जदाराजवळ नव्हतीच. परंतु प्रयोगशाळेतील मदतनिसाला काय लागते? लक्ष, समज, नेटके अक्षर, आकृती काढणारा हात आणि चिकाटी. या सर्वांचा पुरावा त्या तीनशेहून अधिक पृष्ठांत होता. शिवाय ती टिपणे खरी की खोटी, हे डेव्हींइतके दुसऱ्या कोणाला कळणार होते? कोणी म्हणेल, वक्त्याला त्याचेच व्याख्यान लिहून पाठविणे ही खुशामत झाली. असेल, पण नुसत्या खुशामतीसाठी कोणी इतकी पाने लिहीत बसत नाही.

तरीही नोकरी लगेच मिळाली नाही, हे विसरता कामा नये. १८१३ च्या जानेवारीत डेव्हींनी त्याला भेटीस बोलावले, परंतु जागा रिकामी नव्हती. हातचा धंदा सोडू नकोस, असा सल्ला त्यांनी दिला. पुढच्याच महिन्यात मारामारीपायी संस्थेतला मदतनीस कामावरून गेला, आणि डेव्हींना पुस्तक बांधणारा तो तरुण आठवला. १ मार्च १८१३ रोजी फॅराडेची नेमणूक झाली: आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या. त्याच संस्थेत १८३१ मध्ये त्याने विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. या सभागृहातले दिवे ज्या जनित्रांवर जळतात, त्यांचे मूळ तत्त्व तेच.

अर्जाने जागा निर्माण होत नाही. जागा झाली म्हणजे कोणाला बोलवावे, एवढे मात्र अर्ज ठरवू शकतो. आज आमची मुले अर्जात ‘मेहनती’, ‘होतकरू’, ‘जबाबदार’ अशी विशेषणे ओळीने मांडतात. ती कोणालाही लिहिता येतात, म्हणून वाचणाराच्या मनात ठरत नाहीत. आपण केलेले एखादे काम, समोरच्याला तपासून पाहता येईल असे, पुढे ठेवावे. फॅराडेने एवढेच केले.

पण हे नुसते तरुणांना सांगून भागणार नाही. त्या पुस्तकामागे एका लोहाराचे शिलिंग होते, एका गिऱ्हाइकाची तिकिटे होती, आणि पुस्तके वाचू देणारा एक मालक होता. आपल्या दुकानात, कचेरीत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर पुढच्या व्याख्यानाला येताना त्यांना बरोबर आणावे, एवढी माझी आपणांस विनंती आहे.