ऑनर्सचे आंतरविद्याशाखीय चर्चासत्र : मुकुटबनपासून पाहताना

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील गाव. परिसरात चुनखडीचा साठा आहे, म्हणून तेथे सिमेंटचा कारखाना आला. बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीच्या या प्रकल्पात २०२२ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याची वार्षिक क्षमता ३९ लाख टन आहे. भोवताली कपाशीची शिवारे आहेत आणि तालुक्यात ठिकठिकाणी कोलामांचे पोड आहेत. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातील कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या आहेत. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. एमेनो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिचे व्याकरण आणि शब्दसंग्रह १९५५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

अशा गावात एक साधा प्रश्न विचारून पाहावा. खाण खोल गेली तर शेजारच्या विहिरीचे पाणी कमी होते का, आणि होत असेल तर ते कोणी, कोणाला भरून द्यायचे? येथील चुनखडी दख्खनच्या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुनी आहे. तिच्यातील भेगांतून पाणी कसे वाहते हे भूशास्त्राचा विद्यार्थी सांगू शकेल. भरपाईचे गणित अर्थशास्त्राचे, वनहक्काचा मुद्दा २००६ च्या कायद्याचा. पोडावरच्या म्हातारीला विहीर पूर्वी कोणत्या महिन्यात आटत असे हे विचारायचे, तर भाषा आली पाहिजे. पदवीच्या कोणत्याही एका वर्गात हा प्रश्न पूर्ण मावत नाही. आंतरविद्याशाखीय ऑनर्स चर्चासत्राचा जन्म नेमक्या याच अडचणीतून झाला आहे.

आपल्याकडे ‘सेमिनार’ म्हटले की फलक, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि शेवटी प्रमाणपत्र डोळ्यांपुढे येते. येथे तो अर्थ नाही. दहा-बारा निवडक विद्यार्थी, शक्यतो भिन्न विषयांचे दोन अध्यापक, पूर्ण सत्रभर एकच प्रश्न आणि दर आठवड्याला एक दीर्घ बैठक, असे त्याचे स्वरूप असते. एक विद्यार्थी आपला निबंध आधी सर्वांना देतो, दुसरा त्यावर आक्षेप घेतो आणि उरलेले दोघांनाही सोडत नाहीत. अध्यापक व्याख्यान देत नाही. गुण मिळतात ते लेखनाला आणि युक्तिवादाला.

पदवीच्या पातळीवर ही पद्धत रुजली ती अमेरिकेत, पहिल्या महायुद्धानंतर. कोलंबिया विद्यापीठात जॉन अर्स्किन यांनी १९२० मध्ये ‘जनरल ऑनर्स’ हा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात एकेका गटाला दोन अध्यापक देत. दोघांचे एकमत होऊ नये, हाच त्यामागचा हेतू. १९२२ मध्ये स्वार्थमोर महाविद्यालयाचे अध्यक्ष फ्रँक एडलॉट यांनी त्याहून धाडसी पाऊल उचलले. ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले. त्यांनी निवडक विद्यार्थ्यांची अखेरच्या दोन वर्षांतील नेहमीची व्याख्याने बंद केली, त्यांना एका वेळी दोनच चर्चासत्रे दिली आणि अखेरची लेखी व तोंडी परीक्षा बाहेरच्या विद्वानांकडे सोपवली. शिकवणाराच परीक्षक नसल्याने शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला येतात. त्या योजनेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

चर्चासत्रातून काय निघू शकते, याचे उदाहरण मराठी वाचकाला दूर शोधावे लागत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबियातच गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. तो पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. विद्यार्थी होते भीमराव आंबेडकर आणि त्यांचा मुख्य विषय होता अर्थशास्त्र! तो वर्ग पदव्युत्तर होता हे खरे; पण दुसऱ्या विषयाच्या खोलीत जाऊन आपला प्रश्न मांडण्याची मुभा त्यांना मिळाली, हे महत्त्वाचे.

महाराष्ट्रात अशी मुभा आजवर थोड्यांनाच मिळाली. पुण्यात सिम्बायोसिसने २०११ मध्ये उदारमतवादी शिक्षणाचे स्वतंत्र चार वर्षांचे महाविद्यालय काढले, ‘फ्लेम’ त्याच वाटेवर आहे. परंतु तेथील शुल्क कापूस पिकवणाऱ्या घराला परवडण्यासारखे नाही. सार्वजनिक संस्थांत लक्षणीय काम दिसते ते मुंबईच्या आयआयटीत. तेथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातर्फे अभियांत्रिकीचे विद्यार्थी पदवीचे श्रेयांक मिळवत एखाद्या गावाची पाणीयोजना, चूल वा रस्ता अभ्यासतात आणि अहवाल लिहितात. त्याच धर्तीवर राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले आणि इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांना त्यात जोडून घेतले. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांसाठी मात्र या तोडीचे काही उभे राहिले नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे ही शक्यता आता कागदावर तरी सर्वांपुढे आली आहे. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत नवी रचना २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. यवतमाळ जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केल्यास ऑनर्स. मुख्य विषयाबरोबर गौण विषय आणि दुसऱ्या विद्याशाखेतील खुला वैकल्पिक विषय घ्यावा लागतो.

वरवर पाहता आंतरविद्याशाखीयतेची सोय झाली. पण वाणिज्याच्या विद्यार्थ्याने सहा महिने पर्यावरणाचा एक पेपर दिला म्हणजे दोन विद्या एकत्र आल्या असे नाही. त्या शेजारी बसल्या, इतकेच. लहान महाविद्यालयात तर ‘वैकल्पिक’ म्हणजे ज्याचा प्राध्यापक उपलब्ध आहे तो एकमेव विषय. जेथे पदे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर भरली जातात, तेथे चर्चासत्रासाठी लागणारी निवांत सायंकाळ कोणत्या अध्यापकाने द्यावी?

खरी मेख चौथ्या वर्षात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार ‘संशोधनासह ऑनर्स’ करण्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. शिवाय त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा असावी लागते. अट गुणवत्तेसाठी आहे आणि तिला नाव ठेवता येणार नाही. परंतु तिचा परिणाम असा, की ही पदवी मोठ्या शहरांतील महाविद्यालयांतच एकवटण्याचा धोका आहे. २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवणाऱ्यास (राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत) थेट पीएच.डी.साठी पात्र ठरवले आहे. मुकुटबनचा मुलगा तिसऱ्या वर्षी थांबला, तर ही जवळची वाट त्याला बंद होते. त्याला आधी पदव्युत्तर पदवीच करावी लागते.

याच आराखड्यात एक बारीक फट मात्र आहे. जो विद्यार्थी संशोधन प्रकल्प करणार नाही, त्याने चौथ्या वर्षी त्या बारा श्रेयांकांऐवजी तीन अभ्यासक्रम घ्यावेत, अशी तरतूद आहे. या विद्यार्थ्यांना दोन मार्गदर्शकांची अट आड येत नाही. अभ्यास मंडळाने मनावर घेतले, तर त्या तिघांपैकी एक अभ्यासक्रम चर्चासत्राच्या रूपात ठेवता येईल. वणी, पांढरकवडा आणि यवतमाळ येथील दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून तो चालवला तर एकाच ठिकाणी सर्व विषयांचे अध्यापक असण्याचीही गरज नाही. बाहेरचा परीक्षक अमरावतीहून किंवा नागपूरहून आणणे अशक्य नाही.

चर्चासत्रासाठी विषयांची येथे वाण नाही. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मदत योजना जाहीर केली. त्यांत यवतमाळ होता. त्या विषयावर बँकेने कर्ज पाहिले, कृषी खात्याने बियाणे, डॉक्टरांनी मन. एकाच घराचे कागद या तिन्ही नजरांनी शेजारी ठेवून वाचणारा वर्ग पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी चालवता आला असता. तो आजही चालवता येईल, कारण ती घरे आणि ते कागद अजून तालुक्यातच आहेत.

भाषेचा मुद्दा शेवटी, पण तो गौण नव्हे. वाचन इंग्रजीत करावे लागेल, ते टळत नाही. बैठक मात्र मराठीत व्हावी. ज्या भाषेत भांडता येत नाही तीत युक्तिवाद शिकणे कठीण. आणि वर्गात एखादी कोलाम मुलगी असेल तर विहिरीच्या त्या प्रश्नावर सर्वांत जास्त माहिती तिच्या घरी आहे, हे दोन्ही अध्यापकांनी पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावे. २०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांत प्रवेश घेतलेल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येते. त्या वर्षी आपल्या विभागात ऑनर्सचे नेमके कोणते अभ्यासक्रम असतील, हे विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी प्राचार्यांकडून लेखी मागून घ्यावे.