घरगल्लीतील बिडाचे पाइप

मुंबईच्या जुन्या चाळींच्या मागील भिंतींवरून खाली उतरणारे काळे बिडाचे पाइप आज मूळ बांधकामाचाच भाग वाटत असले, तरी त्यांपैकी अनेक पाइप इमारत उभी राहिल्यानंतर बसवले गेले आहेत. एकोणिसाव्या शतकात दोन इमारतींमध्ये एक अरुंद बोळ सोडला जाई, त्याला घरगल्ली म्हणत. संडासातील मैला टोपलीत साठे आणि तो उचलणारे सफाई कामगार, ज्यांना पालिकेच्या दफ्तरात हलालखोर असे नाव होते, याच बोळातून ये-जा करत. या कामगारांनी रहिवाशांच्या नजरेआडच राहावे, ही सामाजिक अपेक्षा अशा रीतीने वास्तुरचनेतच उतरली होती आणि शहराच्या इतिहासातील ही बाब किरकोळ मानता येणार नाही.

१८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी शहराला मिळू लागले; मात्र आलेले पाणी बाहेर काढण्याची सोय मागेच राहिली आणि १८९६ च्या प्लेगने या दुर्लक्षाकडे सर्वांचे लक्ष वेधले. पुढे मैला पाण्याने वाहून नेणारे संडास जसजसे आले, तसतसे त्यांचे उभे पाइपही त्याच घरगल्लीत लागले, कारण संडास आणि मोऱ्या आधीपासून त्या बाजूलाच होत्या.

बीड म्हणजे कार्बनचे प्रमाण अधिक असलेले, साच्यात ओतलेले लोखंड. एका पाइपाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवायचे, मधल्या फटीत तागाचा दोर ठासायचा, त्यावर वितळलेले शिसे ओतायचे आणि ते थंड झाल्यावर बोथट छिन्नीने ठोकून घट्ट करायचे, अशी सांधा भरण्याची पद्धत होती. असा सांधा अनेक दशके टिके. झीज होई ती पाइपाच्या अंगाची. सांडपाण्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचे ओलसर पृष्ठभागावर जिवाणूंमुळे गंधकाम्लात रूपांतर होते आणि ते आम्ल धातू खाते. बिडातील लोह असे विरघळून गेले, तरी त्यातील ग्राफाइट, म्हणजे शिसपेन्सिलीत असतो तो कार्बन, जागेवरच राहतो. त्यामुळे पाइपाचा आकार कायम दिसतो, परंतु चाकूने खरवडता येईल इतका तो मऊ झालेला असतो. भिंतीकडच्या बाजूला पडलेली उभी चीर तर पुढून दिसतही नाही आणि गळणारे पाणी विटांमध्ये मुरून सागवानी तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजवते.

दुरुस्ती का रेंगाळली, याचे मोठे कारण धातूबाहेर आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. भाडेकरूंना त्यामुळे मोलाचे संरक्षण मिळाले, पण मालकाला दुरुस्तीवर खर्च करण्याचे कारण उरले नाही आणि भाडेकरूही दुसऱ्याच्या मालमत्तेवर पैसे घालायला कचरत. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. उपकर भरणाऱ्या सुमारे १९ हजार इमारती त्याच्या कक्षेत आल्या आणि १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात गेल्या.

अलीकडच्या दुरुस्त्यांत बिडाची जागा बहुधा पीव्हीसी घेते, कारण ते हलके असते, गंजत नाही आणि त्याला शिसे वितळवावे लागत नाही. तथापि ते उष्णतेने बिडापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते, म्हणून सांध्यात वाव ठेवावा लागतो आणि पाइप भिंतीशी ठरावीक अंतरावर पट्ट्यांनी धरावा लागतो; एखाद्या मजल्यावर जुना बिडाचा तुकडा ठेवून त्याला नवा पाइप जोडला, तर गळती बहुधा तिथूनच पुन्हा सुरू होते. उभा पाइप वरपासून खालपर्यंत एकच असल्याने तो बदलताना सर्व मजल्यांवरील संडास एकाच वेळी बंद ठेवावे लागतात, म्हणून चौथ्या मजल्याची गळती थांबवायला तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचीही संमती घ्यावी लागते.