नागेशभट्ट काळे आणि ‘नासा’ची अफवा #थ्रेड

‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने सिद्ध केले’ हा संदेश अधूनमधून फिरत असतो. नासाने असे काहीही सिद्ध केलेले नाही. १९८५ मध्ये नासाच्या एम्स केंद्रातील रिक ब्रिग्ज यांनी ‘एआय मॅगझिन’मध्ये एक लेख लिहिला, एवढेच. त्या लेखात ज्यांच्या ग्रंथाचा आधार आहे ते नागेशभट्ट काळे मराठी होते, हे मात्र संदेशात कधीच नसते.

नागेशभट्ट ऊर्फ नागोजीभट्ट हे शिवभट्ट व सती यांचे पुत्र आणि हरि दीक्षितांचे शिष्य. वास्तव्य काशीत, आश्रयदाता शृंगवेरपूरचा राजा रामसिंह.

त्यांचे काम समजण्यासाठी आधी पाणिनीकडे वळावे लागते. अष्टाध्यायीतील सुमारे ४००० सूत्रे संस्कृतात आहेत खरी, पण ते बोलण्याचे संस्कृत नव्हे. एकाच कामासाठी घडवलेली ती आटोपशीर भाषा आहे. आजचे प्रोग्रामर अशा भाषेला ‘डोमेन-स्पेसिफिक लँग्वेज’ म्हणतात. डेटाबेससाठीची एसक्यूएल त्याच जातीची. पाणिनीने विभक्तींनाही नेमून दिलेले अर्थ आहेत: षष्ठी म्हणजे ‘च्या जागी’, सप्तमी म्हणजे ‘पुढे असता’. ‘इक्’ची षष्ठी, ‘यण्’ची प्रथमा, ‘अच्’ची सप्तमी, एवढ्या तीन पदांत ‘पुढे स्वर असता इ, उ, ऋ, लृ यांच्या जागी य्, व्, र्, ल्’ हा नियम संपतो. ‘इति’ आणि ‘आदी’ यांचे ‘इत्यादी’ होते ते यामुळेच. धातू आणि प्रत्यय घेऊन सूत्रे लावत गेले की शब्द तयार होतो.

मग ‘रवि’ आणि ‘इंद्र’ यांचे ‘रव्यिंद्र’ का होत नाही? कारण तेथे सवर्णदीर्घाचा दुसरा नियमही लागू होतो आणि तो जिंकतो. दोन नियम भिडले तर कोणाचे चालावे, हाच प्रोग्रामिंगमधलाही डोकेदुखीचा प्रश्न. नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात त्याची काटेकोर चर्चा आहे: पर, नित्य, अंतरंग, अपवाद अशी चढती उतरंड. रवींद्रातला नियम अपवाद, म्हणून सर्वांत बलवान.

हा ग्रंथ जगापुढे आला तो पुण्यातून. डेक्कन कॉलेजातील जर्मन प्राध्यापक फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६८ व १८७४ मध्ये त्याचे मूळ आणि इंग्रजी भाषांतर मुंबई संस्कृत ग्रंथमालेत प्रसिद्ध केले.

१९५९ मध्ये जॉन बॅकस यांनी संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याची पद्धत मांडली. तिला ‘पाणिनी-बॅकस’ म्हणावे, असे पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये सुचवले. ते नाव रुजले नाही. पाठ्यपुस्तकांत आजही ‘बॅकस-नौर’च आहे.